वादातली चित्रं

नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या काकांनी वेधशाळेतलं काम धरलं ते सोबतीसाठी. घरी बोलायला फ्रिज होता, पण तो स्वतःचीच घरघर लावून बसे.

काम सोपं होतं. दीर्घिकेचा फोटो पाहायचा आणि खूण करायची: ‘एकटी’ की ‘टकरीतली’. दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या की ताऱ्यांच्या फिकट शेपट्या बाहेर ओढल्या जातात, त्या शोधायच्या. त्या धुमश्चक्रीत वायू मधल्या कृष्णविवराकडे कोसळतो, तापतो आणि अख्खी दीर्घिका फिकी पडावी इतका उजळतो. तो क्वेसार. निदान हे टकरीमुळेच होतं, असा हे काम चालवणाऱ्या संशोधिकाबाईंचा अंदाज होता, आणि तो ताडून पाहायलाच माणसं नेमली होती. क्वेसार कोणात आहे हे कळू नये म्हणून प्रत्येक फोटोचा मधला भाग झाकलेला. एकाचं मत दुसऱ्याला चिकटू नये म्हणून तीन तपासनीस तीन खोल्यांत, दारं लोटून. दीर्घिकांना सोबत आहे का हे पाहणाऱ्याला सोबत देण्याची शास्त्रात सोय नव्हती.

फक्त ज्यांवर मतं जुळली नाहीत ते फोटो गुरुवारी तिघांनी एका टेबलाशी बसून, चहा घेत निकालात काढायचे.

दुसऱ्या महिन्यापासून काकांची मतं जुळेनाशी झाली.

“एवढी लांबलचक शेपटी, आणि म्हणे एकटी,” जन्मभर एक्स-रे काढलेल्या तपासनीस बाई म्हणाल्या. “डोळे घरी विसरलात का?”

“मला ती धूळ वाटली.”

“मग चष्मा पुसा.”

“काकांना दुसऱ्याचं जमलेलं बघवत नाही हो,” तिसरा तपासनीस, माजी कॅशियर, म्हणाला.

काका खोटंखोटं रागावले, बिस्कीट बुडवलं, बराच वेळ हुज्जत घातली आणि हार मानली. आठवड्यातला तेवढाच दिवस ते दाढी करून येत.

एका गुरुवारी दोघं उठल्यावर संशोधिकाबाईंनी त्यांना थांबवलं.

“काका, तुम्ही इथे प्रत्येक फोटो हरता, आणि मजेत हरता. खोलीत नीट दिसतं ना?”

काकांनी कप खाली ठेवला. “दिसतं.”

“मग दिसतं तेच लिहा. नाहीतर तुमची मतं काढून टाकावी लागतील. आणि मग तुम्हाला तरी कशाला ठेवू?”

पुढचा आठवडाभर काकांनी दिसलं तेच लिहिलं. गुरुवारी दाढी करून आले, तर संशोधिकाबाई दारातच हसत उभ्या.

“सगळ्या फोटोंवर तिघांचं एकमत. पहिल्यांदाच. बैठकीची गरजच नाही. झकास, काका. चहा खोलीत पाठवते.”

चहा आला. भिंतीपलीकडे तपासनीस बाई खोकल्या. खोकला ओळखीचा होता. काकांनी नवा फोटो उघडला. उजेड वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, कडाकडांनी शेपटी शोधली. एखादी पुसट जरी सापडली असती, तरी प्रामाणिकपणे भांडता आलं असतं.

नव्हतीच. त्यांनी ‘एकटी’वर खूण केली.