दोन डाव्या बाह्या

माझ्या बायकोला सगळी गल्ली पाठीमागे ‘कात्री’ म्हणते आणि तोंडावर ‘बाई’ म्हणते. आपण शिवणकाम करतो म्हणून हे नाव पडलं, असं तिला वाटतं. तिचा हा गैरसमज दूर करायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही. मलाही नाही, आणि आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली.

घराची पुढची खोली हेच आमचं दुकान. खिडकीकडचा मोठा भाग तिचा: कापायचं लांब टेबल, दोन मशीनं, आरसा, कपडे घालून पाहायला पडद्याआडचा कोपरा. दाराजवळचा जेमतेम खुर्चीएवढा भाग माझा. मी घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला बाकीचं काही दिसत नाही, असं लोक समजतात. तो समज मी मोडत नाही. सोयीचा आहे.

दुसऱ्या मशीनवर बसते धाकटी. म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. हाताने सुरेख काम करते आणि कमी बोलते. आमच्याकडे दोघींनी बोलायला जागाही नसते म्हणा.

तर त्या गुरुवारी एका नवरीची आई आपल्या दोन बहिणींना घेऊन लग्नाचा झगा बघायला आली. पांढरं सॅटिन, गळ्याला लेस, मनगटापर्यंत बाह्या. बायकोने बाह्या टाचण्यांनी लावायला घेतल्या आणि तिचे हात थांबले. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या. सॅटिनला सुलट आणि उलट बाजू असते. एक बाही कापली की दुसरीसाठी कागदी नमुना उलटा ठेवायचा असतो. तो कुणीतरी तसाच ठेवला होता.

“हे काय कापलंस?” बायको धाकटीवर कडाडली.

“ताई, मी नाही कापल्या.”

“मग काय उंदरांनी कापल्या? लक्ष कुठे असतं तुझं? नवरीला दोन डावे हात आहेत का?”

त्या तिघी बायका धाकटीकडे बघत राहिल्या. धाकटीचा चेहरा उतरला. तिने हातातलं बटण डबीत टाकलं, चपला घातल्या आणि ती निघून गेली. बायकोने दोन्ही बाह्यांचा बोळा करून चिंध्यांच्या टोपलीत फेकला, आणि नवरीच्या आईला पुढच्या गुरुवारी यायला सांगितलं.

मी भिंगातून एका घड्याळाचा स्क्रू बघत होतो. फार वेळ बघत होतो.

शुक्रवारी धाकटी आली नाही. शनिवारीही नाही.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेशाला विषय घेतला, ख्रिस्तासारखं होणं. म्हणाले, “त्याच्या चमत्कारांपासून सुरुवात करू नका. पाण्यावर चालणं तुम्हाला जमायचं नाही, उगीच भिजाल. त्याच्यावर खोटे आरोप झाले तेव्हा तो गप्प राहिला. एवढंच आठ दिवस करून बघा.”

माझी बायको पहिल्या बाकावर बसते. उपदेश संपेपर्यंत तिची पाठ ताठ झाली होती. घरी येताना म्हणाली, “अहो, मी ठरवलंय. आठ दिवस प्रभूसारखं गप्प राहायचं. कुणी काही बोललं तरी उलट शब्द नाही.”

“पण तुला बोलतं कोण?” माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं. कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत ती श्वास रोखून चालली. खरं सांगतो, मला तिचं फार कौतुक वाटलं.

सोमवारी सकाळी दूध नासलं होतं. ती काही बोलली नाही. चहा बेचव झाला होता (मी केला होता). ती काही बोलली नाही; कप ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतंच बघितलं. मी कप उचलून विसळायला नेला.

अकरा वाजता शाळेतली मास्तरीण कोट परत घेऊन आली. “कंबरेत घट्ट झालाय हो बाई. माप चुकलं वाटतं.” एरवी बायको म्हणाली असती, माप तेच आहे, माणूस बदललंय, आणि मास्तरीण रडत घरी गेली असती. आज तिने टेप हातात घेतली आणि गप्प उभी राहिली. पाच सेकंद गेले. दहा गेले.

“तसं... मीच जरा गोड जास्त खाते हल्ली,” मास्तरीण म्हणाली.

बायको गप्प.

“रोज नाही. म्हणजे रोजच. शाळेतल्या कपाटात डबा आहे माझा.” तिने कपाळ पुसलं. “मुलांना कळू देऊ नका.”

ती गेल्यावर बायको आरशासमोर दोन मिनिटं उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला नम्रता म्हणता येईल का, याबद्दल मला शंका होती.

मंगळवारपर्यंत गल्लीभर बातमी झाली की कात्री बोलत नाही. कुणी म्हणालं घसा बसला, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. दुपारी समोरचा पाववाला भेदरून आला. आमच्या कुंड्यांवर उष्टं पाणी ओतणारा आपणच, असं त्याने न विचारता सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या काकू दोन वर्षांपूर्वी नेलेली चाळणी परत ठेवून गेल्या.

संध्याकाळी मीही मोडलो. ती समोर बसून शेंगा सोलत होती, एक शब्द न बोलता, एकेक दाणा वाटीत टाकत. टक. टक.

“तुझ्या आईच्या फोटोची काच मी फोडली होती,” मी म्हणालो. “मांजराने नाही.”

तिचा हात थांबला. त्या काचेपायी तीन वर्षांपूर्वी तिने मांजर पिशवीत घालून नदीपलीकडे पोचवलं होतं.

“हं,” ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेब तब्येतीची चौकशी करायला आले. बायकोने खुर्ची दिली, चहा दिला आणि समोर हात जोडून बसली. साहेब हवापाण्यावर बोलले. मग बोलायचे विषय संपले. चहा संपला. कप रिकामा आहे हे विसरून ते आणखी दोनदा प्याले.

“तुमच्या लक्षात आलंच असेल बाई,” ते शेवटी म्हणाले. “रविवारचा उपदेश मागच्याच वर्षीचा होता. मी फक्त पाण्यावर चालण्याचं वाक्य नवीन घातलं.”

ते गेले तशी ती माझ्याकडे वळली. डोळे चमकत होते. “अहो, गप्प बसण्यात एवढी मजा असते हे मला आधी का नाही कुणी सांगितलं? मी उगीच इतकी वर्षं घसा कोरडा केला. नुसतं बघायचं, की माणूस आपोआप खाली!”

 मला एवढं कळत होतं, की ज्याच्यासारखं व्हायला ती निघाली होती त्याच्यासमोर बसलेल्या माणसांना चहाच्या रिकाम्या कपातून प्यावं लागलं नसणार.

मग तिने नवरीचा झगा काढला. बाह्यांना नवं सॅटिन कुठे मिळत नव्हतं. जुन्यांतून काही निघतं का बघावं म्हणून तिने टोपलीतला बोळा काढला आणि टेबलावर उलट बाजूने पसरला.

मी भिंग लावलं.

माझी बायको कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर उलट बाजूला खडूने खूण करते. डावीला ‘डा’, उजवीला ‘उ’. तिचा ‘ड’ खास आहे. खालचा फाटा शेपटीसारखा वळवते. धाकटी अक्षरं लिहीत नाही, नुसती फुली मारते. दोन्ही बाह्यांवर ‘डा’ होतं. दोन्हींना शेपटी होती.

 तिने त्या शेपटीवरून बोट फिरवलं. मग मान न वळवता म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं?”

भिंगाआड लपायला आता जागा नव्हती. “त्या दिवशी तू महिला मंडळाच्या सेक्रेटरीबद्दल बोलत होतीस,” मी म्हणालो. “बोलत बोलत कापत होतीस. नमुना उलटा केला नाहीस. मी बघितलं होतं.”

“आणि धाकटीला बोलले तेव्हा?”

“तेव्हाही माहीत होतं.”

मला वाटलं, आता चार दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर येणार. पण ती खुर्चीवर बसली. अगदी लहान दिसली मला.

“प्रभू गप्प राहिला, कारण त्याने काही केलं नव्हतं,” ती हळू म्हणाली. “मी केलंय. मी आता गप्प राहिले तर ते त्याच्यासारखं कसं होईल? ते तर तुमच्यासारखं होईल.”

हे वर्मी लागलं. पण खोटं नव्हतं. मी भिंग काढून ठेवलं आणि म्हणालो, “चल. दोघंही जाऊ.”

धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना बायको पुटपुटत सराव करत होती. दार उघडलं. धाकटीच्या हाताला साबणाचा फेस होता. तिने आम्हाला आत घेतलं.

बायको बसली. घसा साफ केला. “तुमच्या जिन्याचा कठडा हलतोय,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि हा पडदा... एका बाजूला लोंबतोय.”

“हो ताई.”

मी कोपराने ढोसलं. बायको उठली, बसली, पुन्हा उठली. सव्वीस वर्षांत तिने माफी मागितलेली मी पाहिलेली नव्हती. कुठून सुरू करतात हेच तिला ठाऊक नव्हतं. “बाह्या मी कापल्या,” ती एकदाची म्हणाली, इतक्या मोठ्याने, की खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. “चूक माझी. बोलणी तुला बसली. मला माफ कर.”

“आणि मी बघितलं होतं,” मी घाईने म्हणालो, “आणि बोललो नाही.”

धाकटीने हात पुसले. “दादा, तुम्ही बघितलंत ते मला माहीत होतं. मी चपला घालेपर्यंत तुम्ही एकच स्क्रू बघत होतात.” मग ती बायकोकडे वळली. “ताई, मीही रविवारी चर्चमध्ये होते, मागच्या बाकावर. मीही ठरवलं, उलट बोलायचं नाही. तुम्हाला बोलले नाही. पण घरी येऊन कढईला बोलले. चार दिवस. घासून घासून कढई पातळ झाली.”

बायकोला हसू फुटलं. धाकटीला मात्र हसू आलं नाही.

“पण माफी इथे मागितलीत,” ती म्हणाली. “बोलला होतात तिथे, त्या तिघींसमोर.”

बायकोचं हसू थांबलं. तिने लोंबणारा पडदा एकदा सरळ केला. मग म्हणाली, “उद्या अकरा वाजता येणार आहेत त्या. तूही ये.”

गुरुवारी अकराला तिघी आल्या. सोबत या वेळी नवरीही होती, एक शांत, उंच मुलगी. बायकोने त्यांना बसूही दिलं नाही. “मागच्या वेळी मी हिला बोलले. बाह्या मीच चुकीच्या कापल्या होत्या. हिची काही चूक नव्हती.”

नवरीची आई बोलण्यात कच्ची नव्हती. तिने सुरुवात केली. एवढं नाव ऐकून आलो होतो. लग्न दहा दिवसांवर आलं. स्वतःचा दोष दुसऱ्यावर ढकलणारी बाई चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते कशी! दोन्ही बहिणी मधून मधून तेल ओतत होत्या. बायकोने बोलून झाल्यावर ओठांत चार टाचण्या धरल्या होत्या आणि त्या हलत होत्या. एकदा तिने टाचण्या काढल्या, तोंड उघडलं आणि म्हणाली, “पण तुम्हीसुद्धा माप देताना...” मग थांबली. टाचण्या उशीत खोचल्या. “खरं आहे तुमचं,” ती म्हणाली.

या वेळी तिने कुणाकडे रोखून बघितलं नाही. मान खाली होती, कान लाल झाले होते आणि कुणालाही घाम फुटला नाही, तिच्याखेरीज. धाकटी उठली आणि तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ.

“पण मला बाह्या नकोच होत्या,” मागून आवाज आला. नवरी बोलत होती. “मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. उन्हाळ्यात लग्न आहे. आईला हव्या होत्या.”

 मग नवरीची आई आमच्यावरून मुलीकडे वळली, आणि तो झगडा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला. झगा बिनबाह्यांचा झाला आणि मुलीला शोभला.

बायको बदलली का, असं लोक मला विचारतात. काय सांगू? मी आता घड्याळाच्या कामातही अधूनमधून मान वर करतो आणि दिसेल ते बोलतो. त्यावरून माझीच रोज कानउघाडणी होते. गेल्या आठवड्यात तिने पेपरवाल्याला फाटक्या पेपरवरून असं काही सुनावलं, की तो सायकल घेऊन पळालाच. ती आत आली, दोन टाके घातले आणि हातातलं काम टाकून उठली. अनवाणीच रस्त्यावर धावत सुटली.

“अरे थांब! माफ कर मला! चुकलं माझं!” ती ओरडत होती, मुठी वर करून, सगळी ताकद लावून.

पेपरवाल्याने एकदा मागे वळून बघितलं आणि आणखी जोरात पायडल मारलं. तिसऱ्या चौकात तिने त्याला गाठलं म्हणे.