साहेबांच्या हिरवळीवरचा मेपल

सविताने जपानी मेपलचं एक पान बोटांत धरलं. कडेने करपलेलं ते पान पापडासारखं मोडलं.

तिचा नवरा यतीन ज्यांच्या हाताखाली काम करायचा, त्या बदरुद्दीनसाहेबांच्या अल ऐनमधल्या नव्या व्हिलाची पार्टी होती. हिरवळीच्या मधोमध, भर उन्हात, तिचं झाड उभं होतं. आठवड्यापूर्वी ती अजमानला बहिणीकडे राहून परतली, तेव्हा यतीन म्हणाला होता, "उन्हाने मेलं गं. टाकून दिलं." दोन दिवस तिला जेवण गेलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी सिमल्याहून आणलेलं बी तिने, रुजायला थंडी लागते म्हणून, ओल्या वाळूत घालून तीन महिने फ्रीजमध्ये ठेवलं होतं. नळाच्या खारट पाण्याने पानं जळतात म्हणून एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत साठवून घातलं होतं. उन्हं चढली की कुंडी सावलीत ओढली होती, रोज.

"यतीन, बताओ भाई," साहेब म्हणाले, "तुमने घर में इतने साल पाला. यहाँ क्यों सूख रहा है?"

यतीनने तिच्याकडे पाहिलं नाही. "सर, पानी बढ़ा दीजिए. सुबह-शाम."

"म्हणजे उद्याच मरेल," सविता मराठीत म्हणाली. आवाज चढला होता. "पण ते तर मेलं होतं ना? टाकून दिलं होतंस ना?"

"घरी बोलू. सरांसमोर नको, प्लीज."

"इथेच बोलायचं."

साहेबांची बायको शहनाझ पुढे आली. "क्या हुआ? ये पेड़ आपका है?"

"मेरा है. मुझसे किसी ने पूछा नहीं."

साहेब काही बोलणार, तोच शहनाझने हातानेच त्यांना थांबवलं आणि माळ्याला हाक मारली. तो फावडं घेऊन आला. सविताने ते त्याच्याकडून घेतलं आणि यतीनपुढे धरलं.

"तू दिलंस. तूच काढ."

यतीनने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

मुळं अजून पसरली नव्हती. मातीचा गोळा अख्खा निघाला. सविताने तो ओल्या गोणपाटात बांधला.

गाडीपाशी यतीनने तिच्यासाठी पुढचं दार उघडलं. कपाळावर माती होती.

"शनिवारी ऑफिसात सरांना काय सांगू मी?"

"सांगशील काहीतरी. तुला जमतं."

झाड घेऊन ती मागे बसली, गोळा मांडीवर. मागचं दार तिने ओढून घेतलं. यतीनने स्टिअरिंगवर बसून गाडी सुरू केली. पुढचं दार तसंच उघडं होतं. थोडा वेळ त्याने वाट पाहिली. मग उतरला, वळसा घालून आला आणि ते लावलं.