जिवाणू न घातलेला फ्लास्क

आमच्या सरांना अख्खा विभाग पाठीमागे ‘हिरवे सर’ म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. धातूंच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, जिवाणूंकडून गोडीगुलाबीने बनवून घ्यायचे, हा त्यांचा विषय. जिवाणू वाढवायचे, त्यांच्या द्रावणात जस्ताचा क्षार घालायचा, वरून कॉस्टिक सोडा. तळाशी पांढरा साका बसतो, तो भाजला की झालं झिंक ऑक्साइड. ही पावडर मलमात चालते, रंगात चालते, उन्हाच्या क्रीममध्ये चालते आणि मुख्य म्हणजे जंतू मारते. थोडक्यात, जिवाणूला राबवायचं आणि त्याच्याच भावकीचा काटा काढायचा. सर याला निसर्गाशी मैत्री म्हणतात.

या मैत्रीचा खर्च मी रोज बघते. द्रावण निर्जंतुक करायला प्रेशर कुकरचा थोरला भाऊ शोभेल असा ऑटोक्लेव्ह, साका धुवायला कॅनच्या कॅन स्पिरिट, आणि भाजायला अशी भट्टी की चालू केली की मजल्यावरचे दिवे मंद होतात. यात हिरवं एकच, सरांच्या स्लाइडच्या कोपऱ्यात काढलेलं पान. पण सरांना हे सांगणार कोण?

मी तर नाहीच. माझी डॉक्टरेट अडली होती. विद्यापीठाचा नियम असा की छापून आलेल्या एका तरी पेपरवर विद्यार्थ्याचं नाव पहिलं हवं. शिष्यवृत्ती संपली होती आणि मी दादा-वहिनीकडे हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होते. एका कॉलेजात नोकरी ठरली होती, पण सत्र सुरू व्हायच्या आत पदवी दाखवायची होती. नोकरी लागली की मला स्वतःची खोली घेता येणार होती, आतून कडी लावता येईल अशी. मला त्या कडीची अक्षरशः भूक लागली होती.

वहिनी मनाने चांगली, पण जिभेला हाड नाही. पावडर लावलेल्या मोज्यांना वास येत नाही असा सरांचा दावा होता, म्हणून एक जोड मी दादाला दिला. संध्याकाळी वहिनीने तो चिमट्यात धरून बाल्कनीत नेला.

“जंतू मेले असतील गं तुझे,” ती म्हणाली, “वास मात्र ठणठणीत आहे.”

प्रयोगाची शेवटची खेप लावायला बसले आणि नेमका तिचाच फोन आला. पाहुणे येणार होते, सोफ्यावरचं माझं सामान कुठे ठेवायचं ते तिला विचारायचं होतं. फोन कानाशी खांद्याने दाबून ‘कपाटावर ठेव, नाहीतर पलंगाखाली ढकल’ करत मी फ्लास्क भरले, तोंडाला कापसाचे बोळे लावले आणि ते हलवत ठेवणाऱ्या शेकरवर चढवले. पुढचं सगळंही तशाच तंद्रीत उरकलं. जिवाणू वाढले की द्रावण गढूळ होतं; ते झालंय की नाही हे बघायचंसुद्धा सुचलं नाही.

पावडर मात्र झकास निघाली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो आले, तर मोहरीचे दाणे निवडून ठेवावेत तसे एकसारखे गोल कण! सर खुर्चीतून उठलेच.

“बघ, जिवाणूंनी कसा जीव ओतलाय!”

मी फ्रीज उघडला तर या खेपेसाठी आणलेली जिवाणूंची कुपी जागच्या जागी, सीलसुद्धा तुटलेलं नाही. म्हणजे फोनच्या नादात जिवाणू घालायचेच राहिले होते. मी पुन्हा सगळं केलं, एका फ्लास्कमध्ये जिवाणू घालून, एकात न घालता. दोन्हीकडे तीच पावडर. काम कॉस्टिक सोडा आणि भट्टी करत होती. जिवाणू आपला शेजारी बसून बघत होता.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावलं.

“कुणाला बोललीस?”

“कुणालाच नाही.”

“मग झालेलं नाही.”

“पण सर, आपण आजवर कधीच जिवाणूशिवाय करून बघितलं नाही?”

“न घालता कशाला बघायचं? आपण घालतो ना!” मग आवाज मऊ करून ते म्हणाले, “पेपर तयार आहे. पहिलं नाव तुझं. जिवाणू घातला एवढंच लिही.”

पुढच्याच आठवड्यात विभागाचं चर्चासत्र होतं. पहिल्या रांगेत मोजे बनवणाऱ्या कंपनीचे साहेब आणि बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञ बाई. माझं भाषण संपल्यावर बाईंनी चष्मा काढला.

“जिवाणू न घालता करून पाहिलंत का?”

सरांचे डोळे माझ्यावर रोखलेले. मला ती कडी दिसत होती. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, “हो. तसंच होतं.”

मी संपले असं मला वाटलं, आणि गंमत म्हणजे कित्येक महिन्यांनी छाती हलकी झाली. इतक्यात सर उभे राहिले.

“आजची मुख्य घोषणा हीच!” ते गरजले. “जिवाणूंनाही त्रास न देणारं संश्लेषण! याहून हिरवं काय असू शकतं?”

“म्हणजे स्वस्त पडेल?” मोज्यांच्या साहेबांनी विचारलं.

“अर्थातच!”

“मग हे साधं रसायनशास्त्रच झालं की,” बाई म्हणाल्या, पण टाळ्यांच्या कडकडाटात ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

पेपर छापून आला, आणि गाजला. पहिलं नाव सरांचं होतं. मी तडक त्यांच्या खोलीत गेले.

“सर, प्रयोग माझा होता.”

“चूक तुझी होती,” सर प्रेमाने म्हणाले. “शोध माझा. तू विसरलीस, मी ओळखलं.”

“माझ्या पदवीचं काय? सत्र तोंडावर आलंय.”

“अगं, डोळ्यांत पाणी कसलं आणतेस! तुझ्यासाठी वेगळा पेपर करू, झटपट. या वेळी बुरशी घे. बुरशीवर अजून कुणी शंका घेतलेली नाही.”

“आणि बुरशी न घातलेला फ्लास्क? तो ठेवायचा ना?”

सरांनी माझ्याकडे बापाच्या मायेने पाहिलं.

“तुला नोकरी हवीय ना?”

टेबलावरची ट्रॉफी उचलून भिंतीवर आपटावी असा संताप आला. पण पदवीच्या कागदांवर सही त्यांचीच लागते. मी “हो सर” म्हणाले आणि बुरशी आणायला निघाले. जिना उतरताना कळलं, मला त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त आला होता.