प्रॅक्टिकलच्या ट्रेमधला नकट्या

मी एक जुना दगड आहे. यावर तुम्ही म्हणाल, दगड म्हटल्यावर जुना असणारच, त्यात सांगायचं काय? पण मित्रांनो, आमच्यातही लहानमोठं असतं. ट्रेमध्ये माझ्या शेजारी बसणारा काळा बसाल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा आहे. मी शंभर कोटींच्या पुढचा. म्हणून तो मला मान देतो आणि मी त्याच्या चुका पोटात घालतो.

मी चुनखडक. जन्म मुकुटबनच्या बाजूचा, समुद्राच्या तळाशी. यवतमाळ जिल्ह्यात एके काळी समुद्र होता असं सांगितलं, की ऐकणारा आधी कोरड्या नळाकडे बघतो आणि मग आपल्याकडे. पण होता. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ थराथराने बसत गेला, वरच्या भाराने घट्ट झाला आणि मी तयार झालो. घाई कोणालाच नव्हती. रंग मात्र काळपट करडा आला. चुना म्हणजे पांढरा अशी लोकांची समजूत असते. त्या समजुतीपायी पुढे एका मुलीचं वर्ष गेलं.

एका हिवाळ्यात यवतमाळच्या एका कॉलेजची मुलं खाणीवर आली. बी.एस्सी.ला जिऑलॉजी घेतलेली. प्रत्येकाच्या हातात हातोडा होता, आणि हातोडा हाती आल्यावर माणूस जे करतो तेच ती करत होती. एकाने मला कातळातून व्यवस्थित फोडून काढलं. इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण उत्साहाच्या भरात त्याने आणखी एक घाव घातला आणि माझं पुढचं टोक उडालं. तिथून मी नकटा झालो.

प्रयोगशाळेत आल्यापासून मी ही तीन वर्षांची डिग्री इतक्यांदा ऐकली आहे, की माझा पदवीदान समारंभ कोणी केला नाही याचंच नवल वाटतं. पहिल्या वर्षी मुलं पुठ्ठ्याचे स्फटिक हातात फिरवून त्यांच्या बाजू मोजतात आणि कोणतं खनिज नखाने ओरखडतं, कोणतं चाकूने, ते शिकतात. मग खडकांची तीन घराणी येतात. आगीतून आलेले, गाळातून आलेले, आणि आधी काही तरी वेगळे असून दाबाने नि उष्णतेने बदललेले. तिसरं घराणं मुलांना चटकन समजतं. प्रत्येकाच्या नात्यात तसा एखादा असतोच. दगडाचा कागदासारखा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की आमच्यातल्या सगळ्यात काळ्याच्या पोटातही रंग दिसतात. ते बघून पहिल्यांदा ‘अरे बाप’ म्हणणारा चेहरा मला फार आवडतो. पुढे नकाशे, थरांचा उतार, कोळसा किती खोल, विहिरीला पाणी कुठे, हेही येतं.

सुरुवातीची वर्षं मानाची होती. सर मला उचलून म्हणायचे, “हा फसवा आहे. तोंडावर जाऊ नका.” मग चाकूचा ओरखडा, मग सौम्य ॲसिडचा थेंब. थेंब पडला की मी फसफसायचो, आणि मुलं खूश व्हायची.

हळूहळू मुलांनी याहून सोपी पद्धत काढली. परीक्षेसाठी आमच्यावरचे नंबर दरवर्षी बदलत, पण दगड तेच असत. मग जुन्या मुलांनी आम्हाला नावं ठेवली आणि ती नव्या मुलांना तोंडी देऊन टाकली. ‘भाकर’ दिसली की वालुकाश्म. ‘म्हशीचा कान’ म्हणजे शेल, चिखलाचा झालेला खडक. आणि ‘नकट्या’ म्हणजे चुनखडक. झालं शिक्षण! भिंगावर धूळ बसली, चाकू गंजला. मला वर्षानुवर्षं कोणी काही विचारलं नाही. सगळे लांबूनच ओळखायचे, जसे गल्लीतल्या म्हाताऱ्याला ओळखतात आणि त्याच्याशी बोलत नाहीत.

अशात मैत्रेयी आली. ढाणकीची. तिचे वडील धम्मरत्न तिथे दुचाकी दुरुस्तीचं दुकान चालवतात. स्वभावाने अबोल असल्यामुळे तिला ती नावं कोणी सांगितलीच नव्हती. शेवटच्या वर्षीच्या प्रॅक्टिकलला तिने मला नीट पाहिलं, माझा काळा रंग पाहिला आणि ‘बसाल्ट’ लिहिलं. थोड्या गुणांनी नापास झाली. ज्यांनी बघितलंच नाही ते पास झाले.

यंदा ती पुन्हा बसणार होती, आणि या वेळी ती नावं विचारून घेतली होती. या खेपेला सुटली तर एम.एस्सी.; नाही तर घरी. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती प्रयोगशाळेत असतानाच वडिलांचा फोन आला. गाडी दुरुस्त करताना बोलत असावेत, आवाज सगळ्या खोलीत गेला.

“काय वं मैत्रे, या बारीला होते न?”

“होते बाबा. सारं पाठ आहे. नकट्या, भाकर, म्हशीचा कान...”

“जिऑलॉजी शिकून राह्यली का जनावराच्या बाजारात गेली?”

“बाबा!”

“नाई, मी आपलं ईचारलं. हे पाय, अजून एक साल नाई जमत आता. नाई झालं तं दुकानात ये. पान्याले पाना म्हनतेत, तिथं कोनी फसवत नाई.”

तिने फोन ठेवला आणि डोळे मिटून आमची नावं पुन्हा म्हणू लागली. मला वाईट वाटलं. गेल्या वर्षी चुकली, पण निदान बघून तरी चुकली होती.

आणि नेमका त्याच वेळी यंदाच्या वर्गातला रजत दोन ट्रे एकावर एक ठेवून “सरका, सरका” करत आला, आणि टेबलाच्या पायाला अडखळला.

मित्रांनो, फरशीवर पडायला दगडाला फारसं काही वाटत नाही. भाकरीचे दोन तुकडे झाले. म्हशीचा कान तुटला. शेजारच्या बसाल्टचं पुढचं टोक उडालं आणि माझाही एक कोपरा गेला. आमचं प्रॅक्टिकल घेणाऱ्या जया मॅडम धावत आल्या, बघून म्हणाल्या, “कोणाला लागलं नाही ना? मग जाऊ दे. दगडच आहेत.” आणि निघून गेल्या. मुलांचे चेहरे मात्र पांढरे पडले होते.

“मैत्रेयी,” रजत आम्हा दोघांना हातात धरून कुजबुजला, “आता नकट्या कोनता वं? दोघंबी नकटेच दिसून राह्यले.”

“मले कायले ईचारतं? पाडलं तुनं.”

“मी काय जानूनबुजून पाडलं? माह्यीबी डिग्री होती न त्या टरेत!”

दुसऱ्या दिवशी पुसदहून परीक्षक आले, उत्तमसिंग राठोड सर. ट्रे पाहून ते खूश झाले. “वा मॅडम, नमुने ताजे फोडून ठेवले. आतला खरा रंग दिसतो.” जया मॅडम म्हणाल्या, “हो सर, मुद्दामच.”

रजतने आम्हा दोघांनाही चुनखडक लिहिलं. एक तरी बरोबर येईल, असा त्याचा विचार.

मैत्रेयी मात्र लिहीना. तिने मला उचललं, खाली ठेवलं, बसाल्टला उचललं. मग तिने पिशवीतून चाकू काढला आणि माझ्या नव्या फुटलेल्या बाजूवर ओढला. खसकन पांढरी भुकटी निघाली. बसाल्टवर ओढला, तर त्याच्यावर नुसती चाकूची चकाकी उमटली. दुखलं का म्हणाल, तर थोडं. पण किती तरी वर्षांनी कोणी तरी मी कोण ते मलाच विचारत होतं.

नंतर तिने ॲसिडची बाटली घेतली, माझ्यावर थेंब टाकला.

काही झालं नाही.

मी खरंच प्रयत्न केला, मित्रांनो. पण थेंब गार पाण्यासारखा अंगावरून ओघळला. तिने माझ्यावर तोंडाची वाफ सोडून वास घेतला. शेल असतो तर मातीचा वास आला असता. तो आला नाही. मग ती खनिजांच्या ट्रेकडे गेली, काचेसारखा कॅल्साइट घेतला आणि त्याच्यावर थेंब टाकला. कॅल्साइट तर फसफसायलाच हवा. तोही गप्प. तिने उत्तर लिहिलं आणि बाटली घेऊन सरांपुढे उभी राहिली.

“चुनखडक?” सरांनी कागद पाहिला. “आनं ॲसिड टाकलं तं?”

“काही नाही झालं, सर.”

“मंग चुनखडक कसा?”

“चाकूने ओरखडा उठला, सर. मातीचा वास नाही. आणि ॲसिड कॅल्साइटवर पण चाललं नाही. दगड बरोबर आहे. बाटलीत ॲसिड नाही.”

जया मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. गोष्ट अशी होती, की तपासणीला समिती आली की बाटली भरलेली दिसावी म्हणून दर वेळी तिच्यात थोडं नळाचं पाणी घातलं जायचं. वापरत कोणीच नव्हतं, त्यामुळे तक्रारही कोणाची नव्हती.

सरांनी रसायनशास्त्र विभागातून दुसरी बाटली मागवली. एक थेंब. आणि मी असा फसफसलो, की पुढच्या बाकावरच्या मुली उठून उभ्या राहिल्या. “याडी!” सर ओरडले. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, आणि आनंदाला कोणत्याही बोलीत आईच लागते.

“गेल्या साली हाच होता काय?” यादीत ती दुसऱ्यांदा बसलेली दिसली, तेव्हा त्यांनी विचारलं.

“हो सर. बसाल्ट लिहिलं होतं.”

“काहून?”

“काळा होता म्हणून.”

सर हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि गुण मांडले. ती सुटली. आता एम.एस्सी.ला आहे.

त्या दिवशी जिथे थेंब पडला, तिथे मला एक बारीक खळगा आहे. तसा प्रत्येक थेंबाला मी थोडा कमी होतो, पण त्याचं काही नाही. शंभर कोटी वर्षं जमवून ठेवून मी तरी काय करणार होतो? तेव्हा मित्रांनो, दगड जपायचा म्हणजे कापडात गुंडाळून कपाटात ठेवायचा, असं समजू नका. आम्हाला हातात घ्या, फोडा, खरवडा, भिंगाखाली धरा. आम्ही आपण होऊन बोलत नाही, तशी आमच्यात पद्धत नाही. पण कोणी नीट विचारलं, तर अजून तरी आमच्यातल्या कोणी खोटं सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.