वाल्मीकचे कपडे कोणी धरले

कोर्टाची फरशी आज पुन्हा हलत होती. वाल्मीकला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. श्रावणातल्या त्या सकाळी त्याच्या कानातला तोल गेला तो गेलाच. तेव्हापासून घर, रस्ता, गंगापूर रोडवरचा मोठ्या डॉक्टरांचा दवाखाना, सगळंच कसं संथ पाण्यावर तरंगत असायचं.

"बसा नीट, कलताय तुम्ही," शेजारी बसलेली त्याची बायको शुभांगी पुटपुटली.

"मी नाही गं. बाक कलतोय."

तिने त्याचा दंड आणखी घट्ट धरला.

वाल्मीक नदीवरच्या बचाव पथकातला. बुडणाऱ्याला बाहेर काढायचं, हेच काम. त्या दिवशी धरणातून पाणी सोडलेलं, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कंबरेपर्यंत गंगा चढलेली; इथे नदीला गंगाच म्हणतात. काठावर पथकाची गाडी, गाडीवर दोघंच: वाल्मीक आणि ड्रायव्हर संतोष. एक माणूस पायरीवरून घसरला. वाल्मीकने गणवेश काढला, उडी घेतली, माणूस काठाला लावला, आणि तेवढ्यात पाण्याने त्यालाच उचलून दगडी पायरीवर असं आपटलं की कानातून रक्त आलं. वाचलेला माणूस गर्दीत मिसळला, परत काही दिसला नाही. वाचलेली माणसं थांबत नाहीत, पथकाला त्याची सवय आहे.

आता असा माणूस परत पाण्यात कसा उतरणार? नोकरी सुटली, म्हणून अपंगत्वाचं पेन्शन मागितलं. तर खात्याने काय म्हणावं? गणवेश गाडीच्या सीटवर होता, त्याअर्थी वाल्मीक ड्यूटीवर नव्हता, स्वतःच्या आंघोळीला उतरला होता. आंघोळीला! पुरात! अहो, त्या दिवशी म्हशीसुद्धा गोठ्याबाहेर पडल्या नव्हत्या! पेन्शन नाही मिळालं तर खायचं काय, ही काळजी होतीच. पण वाल्मीकला लागला होता तो हा आंघोळ शब्द. उभी हयात त्या पाण्यात घालवली, आणि शेवटी हे.

गंगेवरच्या या माणसांची एक रीत आहे. ती कुठल्या नियमात नाही. कमरेला चामड्याचा पट्टा बांधून गंगेत शिरायचं नाही, म्हणून गणवेश काढायचा. काढलेले कपडे पायरीवर ठेवायचे नाहीत. पायरीवर कोणाचे कपडे नुसतेच पडलेले दिसले की लोक समजतात, गेला बिचारा. म्हणून जोडीदाराने ते मांडीवर घेऊन बसायचं. वर आलेल्याने कपडे मागायचे नाहीत. धरणाऱ्याने आपणहून म्हणायचं, "आलास? घे." त्याने म्हणायचं, "आलो." मग अंग पुसायचं, मग चहा.

त्या दिवशी गाडी सोडून वाल्मीकचे कपडे धरले होते संतोषने. पण ड्रायव्हरने काहीही झालं तरी गाडी सोडायची नाही, असा खात्याचा कडक नियम. सोडली तर नोकरीवर गदा. संतोष घाबरला आणि जबाबात सांगून बसला: मी गाडी सोडली नाही, कपडे सीटवर होते. खात्याने नेमकं तेवढंच उचललं.

"काका, कपडे कोणी धरले होते?" त्यांची वकील तेजस्विनी पुन्हा पुन्हा विचारायची.

"आठवत नाही," वाल्मीक म्हणायचा.

घरी आल्यावर शुभांगीचा भडका उडायचा. "आठवत नाही काय! घ्या ना संतोष भाऊजींचं नाव! आपल्या ताटात माती कालवून तो माणूस मजेत नोकरी करतोय!"

"कपडे मागायचे नसतात, शुभा."

हे काय उत्तर झालं? शुभांगी कपाळाला हात लावायची. पण वाल्मीकचं खरंच तसं होतं. डोळे मिटले की तो पाण्याखाली असायचा. वर हिरवट उजेड, उजेडात पायऱ्या, पायरीवर संतोष. मांडीवर खाकी घडी. त्याचे ओठ हलायचे आणि ऐकू काहीच यायचं नाही. त्या दिवशी वाल्मीक बेशुद्धच वर आला, स्ट्रेचरवरून गेला. "आलास?" असं त्याला कोणी म्हटलंच नाही. म्हणून आपण अजून आतच आहोत, असं त्याला मनापासून वाटायचं. हे कोर्टात कसं सांगणार?

आज खात्याचा साक्षीदार म्हणून संतोषचं नाव पुकारलं. तो खूप वाळला होता. हातात एक कापडी पिशवी होती.

"गणवेश गाडीच्या सीटवर होता, असा तुमचा जबाब आहे. बरोबर?" खात्याच्या वकिलाने विचारलं.

संतोषने वाल्मीककडे पाहिलं. वाल्मीकने मान खाली घातली. मागायचं नाही म्हणजे नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही. शुभांगीची नखं त्याच्या दंडात रुतली.

"नाही साहेब," संतोष म्हणाला. "माझ्या मांडीवर होता."

"पण जबाबात तर..."

"जबाब खोटा आहे. नोकरीला घाबरलो मी."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "गाडी सोडून का गेलात? नियम ठाऊक नव्हता?"

"ठाऊक होता, साहेब. पण वाल्म्या पुरात उतरत होता. त्याचे कपडे पायरीवर टाकून देऊ?" संतोषचा आवाज फाटला. "आंघोळीला जाणाऱ्याचे कपडे आम्ही धरत नाही, साहेब. माणूस काढायला उतरतो, त्याचेच धरतो. पंचवटीत कोणालाही विचारा."

न्यायाधीश टायपिस्टकडे वळले. "लिहून घ्या. पाण्यात शिरला तेव्हा तो कामावर होता, असं साक्षीदार सांगतो." खात्याचा वकील खाली बसला. तेजस्विनीने वळून शुभांगीला हळूच मान डोलावली.

बाहेर व्हरांड्यात संतोषने पिशवी उघडली. आत इस्त्री केलेला गणवेश होता, वर पट्टा गुंडाळून ठेवलेला. इतके दिवस त्याच्या कपाटात होता, डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्याने तो दोन्ही हातांवर घेतला. बोलायला गेला तर रडूच फुटलं.

"आलास?" तो कसाबसा म्हणाला. "घे."

फरशी हलत होती, व्हरांड्याचे खांब हलत होते. वाल्मीकने दोन्ही हात पुढे करून कपडे छातीशी धरले.

"आलो रे," तो म्हणाला. "आलो."

आता संत्याच्या नोकरीचं काय होणार, हा विचार तिघांच्याही मनात आला असणार. शुभांगीने पदराने डोळे पुसले. वर्षभर या माणसाला तिने शिव्याच घातल्या होत्या.

"चला भाऊजी," ती म्हणाली. "त्या दिवसाचा चहा राहिलाय तुमचा."