लांब घंटा

“काका, इकडे बघा. पंख्याकडे नको,” सिस्टर म्हणाल्या.

काकांनी मान खाली केली, पण नजर सिस्टरांच्या घड्याळापर्यंतच पोचली. शेजारच्या खुर्चीत त्यांची सून पोटावर हात ठेवून बसली होती. दिवस भरून वर गेले होते आणि कळांचा पत्ता नव्हता. बाळ मजेत होतं. त्याचे ठोके नुकतेच यंत्रावर ऐकून झाले होते. फक्त गर्भाशयाचं तोंड अजून घट्ट मिटलेलं होतं. ते मऊ होऊन उघडावं म्हणून डॉक्टरांनी सकाळीच एक बारीक नळी बसवली होती. नळीच्या टोकाला पाण्याने भरलेला छोटा फुगा. तो आतून दाब देत राहणार आणि तोंड पुरेसं उघडलं की आपणहून निसटून बाहेर येणार.

“काम फुगा करतो, खाट करत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “हिची तब्येत ठणठणीत, घरही जवळ. इथे थांबली तरी चालेल, घरी गेली तरी चालेल. पण घरी कोणीतरी हवं. मी फोनवर विचारेन ते नीट सांगणारं. जमेल तुम्हाला?”

“इथे राहिले तर ही भिंत बघून वेडी होईन मी, बाबा,” सून म्हणाली. “ह्यांना कारखान्यात फोन नेता येत नाही. आई उद्या पोचेल. तोवर तुम्हीच.”

“जमेल,” काका म्हणाले, पण ते पंख्याला म्हणाले.

काका शाळेचे शिपाई होते. लाकडी मुठीची पितळी घंटा वाजवून त्यांनी जन्मभर सगळ्या शाळेला पळवलं. मुख्याध्यापकसुद्धा त्यांच्या घंटेच्या धाकाने चहा गरम गरम संपवत. पुढे शाळेत विजेची घंटा आली आणि निवृत्तीच्या दिवशी हातातली घंटा काकांना भेट मिळाली. तेव्हापासून ती कपाटावर बसून होती. बायकोच्या माघारी घरात सून आली. भली पोर. पण सासऱ्या-सुनेचं बोलणं मीठ, वर्तमानपत्र आणि गॅस यांच्यापलीकडे कधी गेलं नव्हतं.

घरी आल्या आल्या सुनेने ती घंटा खाली काढायला लावली.

“ओरडून सांगायची मला लाज, ऐकायची तुम्हाला. एकदा वाजली तर पाणी. दोनदा वाजली तर जरा इकडे या. आणि लांब वाजली तर…”

“शाळा सुटली,” काका पटकन म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

“अगदी तेच. फुगा निघाला.”

तासाभरात घंटा दोनदा वाजली. काका एका पायात चप्पल घालून धावले.

“काय झालं?”

“काही नाही. तुम्ही जेवला नाहीत.”

शेजारीण खिडकीतून डोकावली. “काय हो, घरात शाळा भरवलीत की काय?”

“एकच विद्यार्थी आहे,” आतून सून म्हणाली, “आणि तोही जेवत नाही.”

दुपारी सिस्टरांचा फोन आला. काका दाराबाहेर पाठ करून उभे राहिले.

“सूनबाई, त्या विचारताहेत, ते… हलतंय का?”

“मी की बाळ?”

“बाळ, बाळ!”

“चांगलं लाथा मारतंय.”

“लाथा मारतंय म्हणते,” काकांनी फोनमध्ये सांगितलं. “आणि ते… दुसरं काही नाही.”

“दुसरं काही म्हणजे?” सिस्टरांचा आवाज बदलला. “रक्त? पाणी? कळा? काका, मी इथून बघू शकत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच मला दिसणार. पुढच्या फोनलाही असं चाचरलात तर मी तिला इथे बोलावून घेईन.”

काकांनी फोन ठेवला. फोनचा आवाज मोठा होता; दाराआड सुनेला सगळं ऐकू गेलं होतं. ती हळूच म्हणाली, “जाऊया का बाबा परत? मी राहीन तिथे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

“अजिबात नाही,” काका म्हणाले. “आपलं घर असताना कशाला?”

ते स्वयंपाकघरात गेले. ओट्याकडे तोंड करून, पहिलीतली पोरं पाढे म्हणतात तसे ते पुटपुटू लागले, “रक्त. पाणी. कळा. फुगा.” मग जरा मोठ्याने. मग अजून मोठ्याने. आतल्या खोलीतून हसू दाबल्याचा आवाज येत होता. काका थांबले नाहीत.

दिवेलागणीला घंटा वाजली. एकदा नाही, दोनदा नाही. लांब, न थांबता, शेवटच्या तासाला ते स्वतः वाजवत तशी.

सून भिंतीला धरून उभी होती. एका हातात घंटा, कपाळावर घाम, आणि चेहरा हसरा. “सुटली, बाबा.”

काकांनी फोन लावला. पाठ केली नाही. सुनेकडे बघत, प्रार्थनेच्या रांगेला सूचना द्यावी तशा खणखणीत आवाजात म्हणाले, “सिस्टर, फुगा निघाला. आत्ताच. पाणी गेलं का, पोरी?”

“नाही.”

“पाणी गेलेलं नाही. रक्त?”

“नुसता डाग.”

“रक्ताचा नुसता डाग. कळा बारीक बारीक येताहेत. बाळ हलतंय. आम्ही निघालो.”

खिडकीतल्या शेजारणीच्या हातून चमचा पडला. पण गाडी काढायला नवऱ्याला तिनेच पिटाळलं.

वॉर्डाच्या दारात सिस्टर भेटल्या. “काका, आता पंख्याकडे बघितलंत तरी चालेल,” त्या म्हणाल्या आणि सुनेला आत घेऊन गेल्या.

कामावरून मुलगा थेट हॉस्पिटलात आला. पहाट व्हायच्या आत नात झाली. तिने असा सूर लावला की सिस्टर म्हणाल्या, “हा आवाज आजोबांवर गेलाय.”

सकाळी सुनेची आई पोचली आणि काका झबली, टोपडी न्यायला एकटेच घरी आले. पलंगावरची चादर विस्कटलेली होती. कोपऱ्यात घंटा आडवी पडली होती. त्यांनी ती उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि सवयीने कपाटाकडे वळले. तिथेच थबकले. परत येऊन त्यांनी ती सुनेच्या उशाशी, हात पोचेल अशी ठेवली.

ठेवताना घंटेतून एक बारीकसा आवाज निघाला.

“आलो, आलो,” काका रिकाम्या खोलीत म्हणाले.