अर्धा कोयता

"तुज्या नाटकाला मी येऊ कशाला? मला सरपण फोडायचं हाय," चंद्रभागाबाई म्हणाली आणि पाचटाच्या कोपीच्या दारातून हललीसुद्धा नाही.

उत्तरेश्वर उन्हात तसाच उभा. ज्या नटाला बघायला आष्टीपासून ट्रक भरून माणसं आली होती, त्याला सख्ख्या आईनं घोटभर पाणी विचारलं नाही. सहकारी कारखान्याच्या गाळपाची आज पहिली मोळी, म्हणून संध्याकाळी त्याचं लोकनाट्य. आईनं आपल्याला एकदा ढोलकी वाजवताना बघावं, एवढीच त्याची आस.

"आई, नऊ वर्षं झाली गं."

"मोजलीस व्हय? लई उपकार झाले. शिवकन्ये, हात दाव त्याला."

बहिणीनं डावा हात पदराआड घेतला, पण त्या हाताला तीनच बोटं आहेत, हे दिसायचं ते दिसलंच.

बाहत्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर उत्तरेश्वर नावाचं हे पोरगं घमेल्यावर ताल धरायचं, आणि त्या तालावर बायांच्या डोक्यावरची पाटी हलकी व्हायची. तमाशाचा एक फडही पोटासाठी तिथं खडी फोडायला आलेला. त्यातल्या ढोलकीवाल्यानं याचे हात हेरले. पुढच्या हंगामात हा पठ्ठ्या आईमागं ऊस उचलता उचलता उठला आणि फडाबरोबर निघून गेला, मागं वळूनही न बघता.

ऊसतोडीत दोन माणसांचा मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मागून उचलून मोळी बांधायची. बाप नव्हताच. टोळीचा मुकादम म्हणाला, "अर्धा कोयता आपल्याला चालत न्हाई." मग तेरा वर्षांची शिवकन्या शाळेतून काढली आणि भावाच्या जागी उभी केली. मोळ्या बांधता बांधता तिची दोन बोटं कोयत्याखाली गेली. कला मोठी असते हो, कोण नाही म्हणतं? पण ती बहिणीच्या जिवावर कशाला वाढावी?

संध्याकाळी चंद्रभागाबाई आली मात्र. शिवकन्येला घेऊन मागं बसली. उत्तरेश्वरला ती दिसली आणि तो जीव तोडून वाजवू लागला. मातीच्या मंचावर खरे ऊस रोवले होते. थापा मारायच्या, कोयता उचलायचा आणि एक ऊस पाडायचा. त्याचा हा प्रवेश गावोगाव गाजलेला. ऊसतोडीच्या टोळ्यांनी शिट्ट्या वाजवून रान उठवलं.

चंद्रभागाबाई उठली. माणसं बाजूला सारत थेट मंचावर चढली.

"वीतभर बुडका ठिवलास. गोडी बुडातच असती. इसरलास एवढ्यात?"

लोक हसले. त्यांना ते नाटकातलंच वाटलं.

तिनं त्याच्या हातातला कोयता घेतला, वाकली आणि मातीलगत एकच घाव घातला. तुटलेला ऊस, सवयच ती, मागं न बघता मागं टाकला आणि पुढच्या उसाला हात घातला.

उत्तरेश्वर गळ्यात ढोलकी घेऊन बघत राहिला. पायाशी पडलेला ऊस आपण उचलायचा असतो, हे त्याच्या हातांना काही केल्या आठवेना.

शिवकन्या वर आली. तिनं तो तीन बोटांच्या हातानं उचलला, काखेत घेतला आणि आईच्या मागं जाऊन उभी राहिली.